रंगाचा हिशेब

आमच्या गावात रंग लावायचे प्रसंग ठरलेले. बेंदराला बैलांच्या शिंगांना, दिवाळीला घराच्या दर्शनी भिंतीला, इलेक्शनला कुणाच्या तरी कंपाउंडला. घरात लग्न निघालं तर दाराची चौकट रंगते. उरलेला डबा माळ्यावर जातो आणि पुढं कशाला ना कशाला कामी येतो. आमच्या फियाटला तो असाच दर दिवाळीला कामी येत होता, आणि २०२३ साली तिला खरा रंग द्यायची वेळ आली तेव्हा त्या उरलेल्या डब्यांचाही हिशेब चुकता करावा लागला.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८९ सालची, पांढरी. कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडं तिला सगळे फियाटच म्हणतात, कारण मूळ घडण फियाटच्या ११०० गाडीची. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली, तो वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीचा. वालचंद मूळचे सोलापूरचे, आणि वालचंदनगरचा साखर कारखानाही त्यांचाच. आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, या गोष्टीचं फार कौतुक. "साखर कारखाना काढणाऱ्या माणसानं काढल्याली गाडी हाय. ती उसाच्या पट्ट्यातच शोभती," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

१९९६ साली मिरजेच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती ६१ हजाराला घेतली. दोन वर्षांचं उसाचं बिल त्यात गेलं. आमचं गाव कृष्णेच्या काठाला, सांगलीच्या वरच्या अंगाला. तेव्हा गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती. त्यामुळं गाडी आमची असली तरी रात्रीची ती गल्लीची असायची. कुणाची सून अडली, कुणाला पान लागलं, कुणाच्या छातीत कळ आली, की दाराची कडी वाजायची. आण्णा धोतर सावरत उठायचे, स्टिअरिंगजवळचा हँडगिअर ओढायचे आणि गाडी मिरजेच्या वाटेला लागायची. डिझेल-पेट्रोलचे पैसे त्यांनी कधी कुणाला मागितले नाहीत. कुणी दुसऱ्या दिवशी दोन शेर शेंगा आणून ठेवायचं, कुणी काहीच नाही.

आई गेल्यावर २०१७ साली आम्हा भावांची वाटणी झाली. बापू थोरला, गावात राहून शेती करणारा. मी सांगलीत हायस्कूलला शिक्षक. रान वाटलं, म्हशी वाटल्या, तांब्याचा हंडा आणि घंगाळसुद्धा वाटलं. गाडी तेवढी राहिली. ती आण्णांच्या नावावर होती आणि तिचे दोन तुकडे होत नव्हते. ती दोघांच्या मधल्या छपरात उभी राहिली, आणि दोघांची म्हणून कुणीच तिच्याकडं बघेना. बापूला वाटायचं, सांगलीचा पगारदार बघेल. मला वाटायचं, जो रोज बघतो तो बघेल.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. २००५ चा पूर आम्ही बघितला होता, तेव्हा आण्णांनी गाडी वेळेत वर गावठाणात नेऊन लावली होती. २०१९ ला पाणी त्याच्याही वर गेलं. माणसं आणि जनावरं बाहेर काढता काढता रात्र झाली, आणि फियाट छपरातच राहिली. पाणी ओसरल्यावर बघितलं तर टपापर्यंत गाळाची रेघ उमटलेली. इंजिन उतरवून साफ केलं, वायरिंग बदललं, सीटा उन्हात वाळवल्या. गाडी सुरू झाली. पण पत्र्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. आण्णा मात्र दर दिवाळीला घराबरोबर गाडीलाही ब्रश मारायचे. जिथं तांबूस डाग दिसेल तिथं खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट. लांबून बघितलं तर पांढरं दिसायचं.

२०२३ च्या दिवाळीआधी पेपरात बातमी आली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली. आण्णांनी ती बातमी चष्मा पुसून दोनदा वाचली. त्यांचं वय ८१. आमच्या गाडीचीही मुदत जवळ आली होती. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते आणि मग दर पाच वर्षांनी पासिंग करून वाढवून घ्यावी लागते. २००४, २००९, २०१४, २०१९ असं करत आता २०२४ चा मार्च आला होता. आधी या कामाची फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. शिवाय आरटीओत गाडी उभी करायची तर पत्रा धड पाहिजे.

बापूनं भंगारवाला बोलावला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वजनाचा अंदाज घेतला आणि २२ हजार म्हणाला. बापू मला फोनवर म्हणाला, "अकरा तुला, अकरा मला. झ्याक झालं. माझी पाण्याची मोटर जळलीया, तिच्या रिवायंडिंगला पैसं न्हाईत आन् हितं ह्या मोटारीचं काय करत बसायचं?"

आण्णा शेजारीच बसले असावेत. फोनमधून त्यांचा आवाज आला, "इका. माझी ना न्हाई. पर अशी गंजल्याली नगा इकू. मेल्याल्या माणसालाबी आंघूळ घालून न्हेत्यात."

त्यावर बापू काही बोलला नाही. मीही बोललो नाही. येत्या रविवारी गाडी दाखवायला न्यायची, एवढंच ठरलं.

तीन ठिकाणी विचारलं. सांगलीजवळ रस्त्याकडेला एकजण १८ हजारात आठ दिवसांत करून देतो म्हणाला. म्हणजे वरचा रंग घासायचा, खड्डे लांबीनं भरायचे आणि एनसी रंग मारायचा. एनसी लगेच वाळतो, स्वस्त पडतो, पण उन्हातान्हात उभ्या गाडीवर दोन-तीन वर्षांत मरगळतो. कोल्हापूरच्या एका मोठ्या वर्कशॉपनं, जिथं बंद खोलीत रंग मारून गरम हवेत वाळवतात, ९५ हजार सांगितले आणि वर, जुन्या गाडीचा पत्रा उघडल्यावर आकडा वाढेल, असंही सांगितलं. तिसरे मिळाले ते चाचा. सगळा तालुका त्यांना चाचाच म्हणतो. चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतायत.

चाचांनी खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि गाडीवरनं फिरवत गेले. जिथं पत्रा होता तिथं ते चिकटायचं. जिथं नुसतीच लांबी होती तिथं घसरून हातात यायचं. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरचे मडगार्ड, डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीखालची ताटली, असं सगळीकडं ते घसरलं. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं दारावर टिचकी मारली. बद्द असा आवाज आला.

"सर, हिला रंग मारायला ३५ हजार," ते म्हणाले. "पर रंग कशावर मारू ते उघडल्याबिगर सांगता येत न्हाई. पीयू मारतो. त्याला हार्डनर लागतो, धा वर्सं बघाय नको. पत्र्याचं येगळं."

पुतण्या बरोबर होता, त्याला लाल रंग पाहिजे होता. चाचांनी त्याला समजावलं. आरसी बुकावर रंग पांढरा लिहिलाय. लाल करायचा तर आरटीओत अर्ज करून तिथं नोंद बदलावी लागते. आणि रंग बदलायचा म्हणजे नुसता बाहेरनं नाही, बॉनेटच्या आतनं, डिकीच्या आतनं, दारांच्या फटीतनं, सगळीकडनं मारावा लागतो. तिथंच मजुरी दीडपट होते. "जुन्या गाडीला तिचाच रंग स्वस्त पडतोय बाळा," ते म्हणाले. पुतण्या गप्प झाला.

मी गाडी सोडून आलो. चार दिवसांनी चाचांचा फोन आला, "बापूस्नी घिऊन या. दोघांनीबी बघा, मग पुढचं बोलू."

गाडी ओळखू येत नव्हती. काचा, दिवे, बंपर, दाराचे रबर सगळं काढून ठेवलेलं. चाचांची पोरं रिमूव्हर लावून पत्रीनं रंग खरवडत होती. एका ठिकाणी त्यांनी थर दिसावेत म्हणून मुद्दाम थोडा रंग राखला होता. सगळ्यात खाली कारखान्याचा पांढरा, पिवळसर पडलेला. त्यावर २००७ साली बापूच्या लग्नाला मारलेला एनसी. आणि वर जागोजाग आण्णांचा ऑइलपेंट. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पांढरं, पण तिन्ही तीन तऱ्हेचे.

"हे ऑइलपेंट कुणी लावलं?" चाचांनी विचारलं.

"आण्णांनी," बापू म्हणाला. "एकदा बेंदराला बैलानं शिंग घासलं दाराला. शिंगाचा हिरवा रंग दाराला लागला. तवापासनं सुरू झालं ते."

चाचा हसले. मग त्यांनी सांगितलं ते नीट ऐकण्यासारखं होतं. ऑइलपेंटच्या वर पीयू मारला तर त्यातला थिनर खालच्या थराला उचलतो आणि रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. म्हणून तो थर पत्र्यापर्यंत खरवडल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि गंजावर रंग लावला तर गंज थांबत नाही. आतल्या बाजूनं ओल असली की तो रंगाखाली चालतच राहतो, वाळवीसारखा. वरनं काही दिसत नाही. एक दिवस अंगठा दाबला की पत्रा पापडासारखा मोडतो.

त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उताणं टाकलं होतं. आतली बाजू उघडून त्यात खुरपं घातलं आणि गाळ बाहेर काढला. २०१९ चा गाळ. दाराच्या तळाला पाणी निचरायला जी बारीक भोकं असतात ती या गाळानं बुजली होती. मग दर पावसात काचेवरनं उतरलेलं पाणी आत साचत गेलं आणि चार वर्षं पत्रा आतून सडत राहिला. चार दारं आणि खालच्या पट्ट्या मिळून दोन घमेली गाळ निघाला.

बापू खाली बसला. त्यानं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, तळहातावर पसरलं. "मळीच्या रानातली हाय," तो म्हणाला. "वरचा थर. त्या साली बांधापतूर धुऊन न्हेला हुता."

मळीचं रान म्हणजे नदीकडचं. वाटणीत ते बापूकडं गेलं होतं. पुरानंतर तिथं काय राहिलं होतं ते मी बघितलं होतं, एकदा, रविवारी. बापूनं मात्र तिथं ट्रॉल्यांनी माती ओढून पुन्हा ऊस उभा केला होता. तो तसाच बसून चाचांना म्हणाला, "पत्र्याचं किती हुईल?"

चाचांनी हिशेब सांगितला. चारही दारांचा खालचा भाग कापून नवा पत्रा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, मागचे दोन मडगार्ड, डिकीचा तळ. कापणं, ठोकणं, वेल्डिंग, सगळी मजुरी १८ हजार. पत्रा आणि गॅस ३,२००. शिवाय काचांचे आणि दारांचे रबर नवे घातले नाहीत तर पुन्हा पाणी आत जाणार, त्याचे ६,४००.

"म्हंजे २७ हजार ६००." बापूनं तोंडानं बेरीज केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पत्र्याचं माझं. रंगाचं तुझं."

मी हो म्हणालो. परत येताना मोटारसायकलवर दोघंही फारसं बोललो नाही. पण तो जे बोलला होता ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आमच्या घरात कामाची वाटणी अशीच झालेली होती, फक्त ती कुणी अशी बोलून दाखवली नव्हती. आण्णांना रात्री तीनदा उठवून संडासला नेणं, त्यांच्या गोळ्या, पुरात म्हशी सोडणं, भाऊबंदांचे बांधाचे तंटे, हे सगळं पत्र्याचं काम. ते गावात राहणारा करतो आणि ते झाकलेलं राहतं. मी दिवाळीला येतो तेव्हा आण्णांना नवं धोतर, नवा चष्मा, पोरांना फटाके. गावात नाव होतं ते त्याचं. पाहुणे आले की आण्णा मीच आणलेला चष्मा दाखवतात.

काम पाच आठवडे चाललं. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर जायचो. वेल्डिंग झाल्यावर पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, मग खड्ड्यांपुरती लांबी. चाचांचं म्हणणं, पत्रा ठोकूनच सरळ करायचा, लांबी कागदाएवढी पातळ बसली पाहिजे. जाड थापली तर खड्ड्यातून गाडी गेली की तडकते. मग पाणीपेपर. आधी १२० नंबरचा, मग २२०, मग सरफेसर मारून ४०० आणि ८००. दोन पोरं दिवसभर पाण्याचा मग आणि पेपर घेऊन घासत बसायची. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. मजुरीतला मोठा वाटा या घासण्याला जातो.

रंग मारायला चाचांनी दिवस बघून घेतला. पावसाळ्यात ते गाडी घेतच नाहीत, हवेतली ओल रंगात उतरते. दिवाळीनंतर हवा कोरडी, पण उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ. त्यांच्याकडं बंद खोली नव्हती. पत्र्याच्या शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचे कागद बांधले, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली आणि दव पुरतं वाळल्यावर, दहाच्या सुमाराला, कॉम्प्रेसर सुरू केला. नाका-तोंडावर डबे असलेला मास्क चढवला. पोरांना बाहेर काढलं.

"हार्डनरची वाफ वंगाळ," त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. "माझं उस्ताद तोंडाला वला रुमाल बांधून मारायचं. शेवटी शेवटी दमा एवढा झाला की जिना चढवंना. रुमालानं धूळ आडती, वाफ आडत न्हाई." मास्कची गाळणी वरचेवर बदलावी लागते, तोही खर्च रंगातच धरलेला असतो.

तीन हात मारले, मध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबून. तिसऱ्या हाताला एक चिलट येऊन बॉनेटवर बसलं ते बसलंच. चाचांनी त्याला हात लावला नाही. दोन दिवसांनी पुरतं वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरनं तेवढीच जागा घासून कंपाउंडनं चकाकी आणली. आता शोधूनही सापडत नाही.

बिल चाचांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं. पत्र्याचे आणि रबराचे मिळून २७,६००, ते बापूनं आधीच दिले होते. रंगाची मजुरी १५ हजार, बंपर आणि जाळीच्या क्रोमचे ५,५००. रंगाच्या सामानाचे १७,५००. तेही मी फोड करून मागितले. प्रायमर आणि सरफेसर ३,९००, लांबी २,१००, थिनर ३ हजार, पेपर-टेप १,९००, रिमूव्हर ९००, आणि हार्डनरसकट रंग ५,७००. एकूण बेरीज ६५,६००.

म्हणजे जो रंग डोळ्यांना दिसतो तो बारा हिश्श्यांतला जेमतेम एक. बाकीचे अकरा हिस्से त्याच्या खाली गेले. कुणी मला जुन्या गाडीच्या रंगाला किती लागतात असं विचारलं तर मी आता रंगाचा भाव सांगत नाही. चुंबक फिरवून बघा म्हणतो.

आण्णांना पैशाचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तो उसात मोजला. टनाला तीन हजार धरले तर जवळजवळ २२ टन. "अर्ध्या एकराचा ऊस," ते म्हणाले आणि गप्प बसले. मग काठी टेकत गाडीभोवती फिरले. नजर अधू झालीय, म्हणून रंग त्यांनी हातानं बघितला. दारावरनं, मडगार्डवरनं तळवा फिरवत गेले. शिंग घासलं होतं त्या जागेवर थांबले, पुन्हा एकदा फिरवला. "ग्वाड बसलाय," म्हणाले. मग दार उघडून खालच्या कडेला आतनं बोट घातलं. "भोकं ठेवल्यात का पाण्याला?"

"ठेवल्यात," बापू म्हणाला. "मी सोता तार घालून बघितल्यात."

फेब्रुवारीत पासिंग झालं. इन्स्पेक्टरनं दिवे, ब्रेक, हॉर्न बघितले, नंबर घासून बघितला आणि गाडीकडं एकदा मागं सरून बघितलं. पाच वर्षं वाढवून मिळाली, २०२९ पर्यंत. आण्णा मागच्या सीटवर बसून आले होते. येताना त्यांनी मिरजेवरनं गाडी घ्यायला लावली. त्यांना खाली उतरायचं नव्हतं, नुसतं त्या वाटेनं जायचं होतं.

पुढं गिऱ्हाईक आलं. पुण्याहून एकजण, जुन्या गाड्यांचा हौशी. त्यानं एक लाख दहा हजार सांगितले. घातलेले पैसे वजा जाता दोघांना बावीस-बावीस हजार सुटत होते. म्हणजे भंगाराच्या भावाच्या दुप्पट. आण्णांनी तर आधीच हो म्हणून ठेवलं होतं, आंघोळ घालून द्या म्हणाले होते, आंघोळ झाली होती. मी बापूकडं बघितलं. बापूनं पाहुण्याला चहा दिला, दोन तास गप्पा मारल्या, वालचंद हिराचंदांपासून सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "कळवतू तुमास्नी."

अजून कळवलेलं नाही.

२०२४ च्या जुलैत पाऊस लागला. कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी शाळेतून येऊन टेकतोय तोवर बापूचा फोन आला. मला वाटलं, आण्णांना काही झालं. तो म्हणाला, "आण्णा बरं हाइत. म्हशी सोडल्यात. फियाट वर गावठाणात देवळापाशी न्हेऊन लावलीया. वर ताडपत्री टाकली, पर आण्णा म्हणत्यात ताडपत्रीनं रंगाला घाम येतो. चाचाला इचारून सांग, टाकू का नगं."

मी चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, "टाकू नगा. पडू द्या पाऊस. आता आत जात न्हाई."